दहा बोटांच्या ठशांवरून लेकराची शाखा ठरवू नका

मराठवाड्यातील मुख्याध्यापक, प्राचार्य, संस्थाचालक आणि शिकवणी वर्गांच्या संचालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दहावीची परीक्षा आटोपली की लातूर, नांदेड, संभाजीनगर, परभणीत एक हंगाम सुरू होतो. शाळेच्या सभागृहात मोफत सेमिनार ठेवायचा, पालकांना बोलवायचे आणि शेवटी 'व्यक्तिमत्त्व चाचणी'ची नोंदणी करून घ्यायची. काही हजार रुपये भरले की आठवड्याभरात रंगीत अहवाल हातात पडतो. त्यात लिहिलेले असते की मूल अंतर्मुख आहे, मेंदूचा उजवा भाग प्रबळ आहे, त्याला मेडिकलपेक्षा डिझाइन बरे. पालक तो कागद घडी घालून जपतात. काही ठिकाणी त्याच कागदावरून अकरावीची तुकडीही ठरते.

आम्ही मराठवाड्यातील महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवतो. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत आणि त्यांचे मापन हा आमचा रोजचा विषय, म्हणून आडवळण न घेता सांगतो. बोटांच्या ठशांवरची चाचणी आपल्या आवारात होऊ देऊ नका. मुलांना सोळा प्रकारांत बसवणारी चाचणी शाखा किंवा तुकडी ठरवायला वापरू नका. प्रमाणित व्यक्तिमत्त्व शोधिका (स्वभाव मोजणारी प्रश्नावली) वापरायचीच असेल, तर ती कशी वापरावी ते पुढे लिहिले आहे.

आधी ठशांचे. व्यवहारात या चाचणीला 'डीएमआयटी' (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) म्हणतात. दहाही बोटे स्कॅनरवर टेकवायची, शंख-चक्रे मोजायची आणि तळहातावर तर्जनीखालचा, करंगळीखालचा व मनगटाजवळचा असे तीन बिंदू जोडून कोन काढायचा. त्या कोनावरून म्हणे मुलाची शिकण्याची गती कळते. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घडतात, मेंदूही तेव्हाच घडत असतो, म्हणून रेषांमध्ये मेंदू वाचता येतो, असा युक्तिवाद असतो. त्याच काळात कानही घडत असतात. कानाच्या पाळीवरून सायन्स की कॉमर्स ते सांगायला मात्र अजून कोणी आलेले नाही.

यातले खरे एवढेच की डाउन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय स्थितींमध्ये ठशांची ठेवण वेगळी आढळते आणि वैद्यकात तिचा अभ्यास झाला आहे. पण ठशांवरून मुलांची बुद्धी, स्वभाव किंवा कल सांगता येतो याला पुरावा नाही, आणि इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तसे जाहीर केले आहे. अहवालात हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचे नाव हमखास असते. त्या सिद्धांतात बोटांच्या ठशांचा काडीचाही संबंध नाही. कोनाचे म्हणाल, तर बोटे जरा जास्त फाकवून तोच हात पुन्हा टेकवला की कोन बदलतो. खात्री करायची असेल तर एकाच मुलाचे ठसे दोन वेगळ्या नावांनी, दोन वेगळी वये लिहून, आठ दिवसांच्या अंतराने द्या आणि दोन्ही अहवाल शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

यावर पालकांचे एक उत्तर ठरलेले असते: "पण आमच्या पोराला तंतोतंत जुळलं की हो!" जुळणारच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हाती 'तुझे व्यक्तिमत्त्व' म्हणून वर्णन ठेवले. पाचपैकी किती जुळते ते विचारले, तेव्हा सरासरी सव्वाचारच्या आसपास आली. गंमत म्हणजे सगळ्यांना एकच वर्णन दिले होते आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. हा प्रयोग १९४९ साली प्रसिद्ध झाला. 'तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण ती अजून पूर्ण वापरली गेलेली नाही' हे वाक्य जालन्यातल्या कुठल्याही पंधरा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवा, त्याची आई मान डोलावणारच. म्हणून अहवाल तपासताना तो जुळतो का हे विचारू नका. शेजारच्या मुलाचा अहवाल नाव झाकून याच पालकांना वाचायला द्या. तोही तेवढाच जुळला, तर पैसे कशाचे गेले ते कळेल.

सोळा प्रकारांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्यामागे निदान एक विचार आहे. कार्ल युंग यांनी १९२१ साली मनोवृत्तीचे प्रकार मांडले. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बेतली, तीच 'एमबीटीआय'. चार जोड्यांतून एकेक अक्षर मिळते, अशा चार अक्षरांचे सोळा प्रकार होतात. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते, पण आमचा मुख्य आक्षेप तो नाही. आक्षेप आहे मधोमध मारलेल्या रेघेवर. बहिर्मुखता मोजली तर बहुतेक माणसे मध्यावर भरतात, दोन टोकांना थोडी. गावातल्या सगळ्यांची उंची मोजून मधोमध रेघ मारावी आणि रेघेवरच्यांना 'उंच', खालच्यांना 'बुटके' अशी दोनच नावे द्यावीत, तसे हे होते. रेघेच्या अल्याड-पल्याड उभी असलेली दोन मुले एकमेकांसारखीच असतात, तरी कागदावर त्यांची जात वेगळी ठरते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की चार अक्षरांपैकी एखादे बदलणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. काही अभ्यासांत ते निम्म्याच्या घरात गेले आहे. आणि निवडीसाठी ही चाचणी वापरू नये, हे तिच्या प्रकाशकांचेच म्हणणे आहे.

मग मानसशास्त्राकडे यापेक्षा भरवशाचे काय आहे? स्वभाव मोजण्याच्या कामाला शब्दकोशातून सुरुवात झाली. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले. त्यांतले सुमारे साडेचार हजार टिकाऊ स्वभाव सांगणारे होते. मराठीत मनमिळाऊ, धांदरट, चिवट, हिशेबी, भिडस्त, तिरसट असे शब्द काढत गेलात तर अशीच लांब यादी होईल. रेमंड कॅटेल यांनी यादी आटवत आणली आणि १९४९ साली १६ घटकांची प्रश्नावली काढली. हान्स आयझेंक म्हणाले, आधी दोन पुरे, मग त्यांनी तिसरा घातला. १९६१ साली ट्युप्स आणि क्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांत तेच पाच घटक पुन्हा पुन्हा सापडले. त्या पाचांवर पुढे कोस्टा आणि मॅक्रे यांनी मोठी शोधिका रचली. १९९२च्या आवृत्तीत २४० विधाने आणि ३० उपघटक आहेत. ते पाच घटक म्हणजे नव्या अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. आज संशोधनात सर्वांत जास्त चालणारी मांडणी हीच.

फ्रॉइड यांचे नाव अजून आले नाही हे काहींना खटकेल. मनाचे इदम्, अहम्, पराहम् असे तीन भाग मानणारी त्यांची मांडणी विचार म्हणून शिकवावीच. पण टिकमार्कच्या कागदावर ती मोजता येत नाही आणि तिच्यावरून शाखा ठरत नाही. जन्मक्रमावरून स्वभाव घडतो म्हणणाऱ्या ॲडलर यांचे तेच. पालकसभेत 'थोरला जबाबदार, शेंडेफळ लाडावलेले' असे ठोकून दिले जाते. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांवरचा २०१५ सालचा अभ्यास पाहिला, तर बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, सौहार्द आणि भावनिक स्थैर्य यांवर जन्मक्रमाचा परिणाम दिसला नाही.

तर हे पाच घटक तरी अकरावीची शाखा सांगतात का? नाही. कर्तव्यदक्षता आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध संशोधनात चांगला टिकला आहे. २००९ सालच्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात त्याचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नाते नाही, एक म्हणजे पूर्ण नाते) ०.२२च्या जवळपास आला. त्या आकड्याचा वर्ग केला तर मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी साधारण पाच टक्के फरक या घटकाशी जोडता येतो. उरलेले पंचाण्णव टक्के आधीचा अभ्यास, शिकवणारा, घर, तब्येत, पैसा यांत वाटले जातात. पाच टक्क्यांच्या आधारावर एखाद्याला 'नीट'च्या तुकडीतून उठवून दुसरीकडे बसवणे बळंच आहे.

वय हाही मुद्दा आहेच. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो यांनी २००० साली कित्येक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. स्वभावाच्या स्थिरतेचा सहसंबंध बालपणी ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४च्या आसपास आला. पंधराव्या वर्षी काढलेला आकडा अजून बराच हलणार असतो, आणि आपण नेमके त्याच वयात त्यावर शिक्का मारतो.

आकडा वाचायचा कसा, तेही सांगतो, कारण अहवाल देणारे हे कधी सांगत नाहीत. बहुतेक शोधिकांमध्ये मूळ गुणांचे टी-गुणांकात रूपांतर करतात. सरासरी ५०, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले त्याचे माप) १०. समजा एका घटकाची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजले तरी तसेच येण्याचा भरवसा, ०.८४ आहे, आणि हा चांगला आकडा मानला जातो. एक वजा ०.८४ म्हणजे ०.१६, त्याचे वर्गमूळ ०.४, त्याला १० ने गुणले की मापनातली प्रमाण त्रुटी ४ येते. तिच्या दुप्पट मागे-पुढे धरा. मुलीला ५३ मिळाले, तर तिचा खरा गुण ४५ ते ६१ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. तिच्या मैत्रिणीला ४८ मिळाले, तर तिचा पट्टा ४० ते ५६. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. या दोघींत फरक आहे असे म्हणायला आधार नाही. विश्वसनीयता ०.६४ असेल तर त्रुटी ६ होते आणि पट्टा मागे-पुढे १२ गुणांचा. अहवालात '५३.४७' असे दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे दिसले, तर देणाऱ्याला त्रुटी म्हणजे काय ते माहीत नाही किंवा आपल्याला कळू द्यायचे नाही, असे समजा.

यापुढची अडचण आपल्या भागाची आहे. 'मला संग्रहालये पाहायला आवडतात' या विधानावर जिंतूर तालुक्यातल्या मुलाने 'असहमत'वर खूण केली, तर त्याचा खुलेपणा कमी भरतो. त्याने संग्रहालय पाहिलेलेच नसते. 'मी रोज ठरलेल्या वेळी अभ्यास करतो' हे विधान कर्तव्यदक्षता मोजते म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातले मूल दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्याच्या तळावर जाते आणि गळीत संपल्यावर परत येते. घरी राहिलेच तर धाकट्यांचे पाहते, पाणी भरते. त्याची ठरलेली वेळ कुठली? तिथे विधान मुलाचा स्वभाव मोजत नाही, घरची परिस्थिती मोजते, आणि अहवाल मात्र 'शिस्त कमी' म्हणून मोकळा होतो.

हा केवळ आमचा कयास नाही. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरच्या २०१३ सालच्या अभ्यासात पाच घटकांची रचना नीट उभीच राहिली नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत समोरासमोर प्रश्न विचारून केलेल्या पाहण्यांवरच्या २०१९ सालच्या अभ्यासातही घटक एकमेकांत मिसळले. त्याचे एक मोठे कारण म्हणजे विचारणाऱ्याच्या 'हो'ला 'हो' म्हणण्याची सवय. 'सर विचारतायत म्हणजे हो म्हणावं' हे आपल्या वर्गांत वेगळे सांगायला नको.

म्हणूनच चांगल्या शोधिकेत निम्मी विधाने उलटी घातलेली असतात. 'मी हाती घेतलेले काम पूर्ण करतो' सोबत 'मी काम अर्धवट सोडतो'. पाच पर्यायांच्या मापनश्रेणीवर उलट्या विधानाचा गुण काढताना सहातून उत्तर वजा करायचे. ५ लिहिले असेल तर १ धरायचा. सगळ्यालाच 'पूर्ण सहमत' म्हणणारे मूल मग मध्यावर येते आणि त्याने विचार न करता खुणा केल्या हे दिसते. शाळेत कोणी एक्सेलमध्ये गुण भरताना ही उलटी विधाने उलटायला विसरले की तेच मूल आकड्यात खूप वर दिसते आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही. मराठी रूपांतरात आणखी एक फसगत होते. 'मी कामाला उशीर करत नाही' या वाक्याला 'असहमत' म्हणायचे म्हणजे नकाराचा नकार. दहावीचीही मुले तिथे अडखळतात. उलटे विधान हवे तर सरळ होकारार्थी वाक्यात लिहिलेले असावे.

आता शोधिका वापरायचीच असेल तर. विकत घेण्याआधी हस्तपुस्तिका मागा. तिच्यात मानके (तुलनेसाठीचे गुणतक्ते) कोणत्या वर्षी, कोणत्या वयाच्या, कोणत्या माध्यमाच्या, किती मुलांवर काढली ते छापलेले असले पाहिजे. प्रत्येक घटकाची विश्वसनीयता आणि यथार्थतेचे, म्हणजे चाचणी जे मोजते म्हणते तेच मोजते याचे, पुरावेही. प्रौढांची प्रश्नावली मुलांना देऊ नका; कॅटेल यांच्या पद्धतीची १२ ते १८ वयोगटासाठीची १४ घटकांची वेगळी प्रश्नावली आहे, तशी वयाला साजेशी घ्या. मराठीत मानके काढलेल्या चाचण्यांसाठी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेकडे आधी चौकशी करा. अमेरिकन मानकांवर नांदेडमधल्या लोहा गावच्या मुलाचा टी-गुणांक काढणे निरर्थक आहे.

चाचणीला एका परीक्षकामागे पंचवीस-तीस मुलांपेक्षा जास्त नकोत. सकाळची वेळ, बाकावर एकेक मूल, आधी फळ्यावर दोन नमुना विधाने सोडवून दाखवायची. वर्गशिक्षकांनी कागद गोळा करायचे नाहीत. ते समोर असले की 'मी कधीच खोटे बोलत नाही'वर सगळ्यांच्या खुणा पडतात. चांगले दिसण्यासाठी दिलेली उत्तरे ओळखायला अशी विधाने आयझेंक यांच्या प्रश्नावलीत मुद्दाम घातलेली आहेत. त्यांवरचा गुण फार चढला तर तो संपूर्ण कागद बाजूला ठेवायचा. आणि या उत्तरांवर तुकडी ठरणार असे मुलांना कळले की चाचणी तिथेच संपली, पुढे फक्त अभिनय. सुटलेली विधाने हस्तपुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा जास्त असतील तर गुण काढू नका. मनाने मधला पर्याय भरणे हा तर सरळ खोटेपणा आहे.

निकाल पट्ट्यात सांगा. 'मध्यम', 'मध्यमापेक्षा थोडे जास्त' एवढेच, पालक आणि मूल दोघांना समोर बसवून, तोंडी. नोटीस बोर्डावर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. वर्षा-दोन वर्षांनी तो आकडा शिळा झाला असे समजा. आणि अभिरुची (आवड), अभिक्षमता (जमण्याची क्षमता), व्यक्तिमत्त्व (स्वभाव) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे पालकांना आधी सांगा. राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, ती मुख्यतः अभिरुचीची होती. आवड आहे म्हणजे जमेलच असे ती सांगत नव्हती. बहुतेक घरांत मात्र ती तशीच वाचली गेली.

कोणी म्हणेल, सेनादलात तर व्यक्तिमत्त्वावरच निवड होते. बरोबर. संभाजीनगरला १९७७ पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिथल्या मुलांना निवड मंडळाची पद्धत पाठ असते. पाच दिवस. बारा चित्रे, त्यांतले एक कोरे, प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट. साठ शब्द, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत एक वाक्य. साठ प्रसंग, प्रत्येकात आपण काय करू ते अर्ध्या तासात लिहायचे. शिवाय मैदानावरची गटकामे आणि मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गट-चाचणी अधिकारी तिघेही वेगवेगळे पाहतात. मनसा, वाचा, कर्मणा असे त्याला तिथे म्हणतात. शेवटी तिघांची मते एकत्र येतात. चाळीस मिनिटांच्या एका कागदाशी याची तुलना होत नाही, आणि हे मूल्यमापन प्रशिक्षित माणसे एका ठरावीक कामासाठी करतात.

शिक्षकांच्या हाती याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी साधन आहे. हार्टशॉर्न आणि मे यांनी १९२८ साली हजारो मुलांचा प्रामाणिकपणा वेगवेगळ्या प्रसंगांत तपासला. एका ठिकाणी नक्कल करणारे मूल दुसऱ्या ठिकाणी करेलच असे नव्हते. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली हाच मुद्दा पूर्ण विषयापुढे ठेवला: स्वभावाच्या मापावरून एका प्रसंगातले वागणे सांगायला गेलो तर सहसंबंध ०.३०च्या वर क्वचितच जातो. पुढे त्यांनी आणि युइची शोडा यांनी दाखवले की मुलाची ओळख 'अमुक प्रसंग आला तर अमुक वागतो' अशा जोड्यांत टिकून असते. म्हणून 'आळशी', 'भांडखोर' असे न लिहिता दोन आठवडे वहीत चार रकाने भरा: तारीख-तास, काय चालू होते, मुलाने काय केले, समोर कोण होते. एका दिवसाच्या नोंदीवर विसंबू नका. दहा-पंधरा नोंदींत आकृतिबंध दिसू लागतो. तोंडी उत्तराची वेळ आली की गप्प बसणारा मुलगा लेखी गृहपाठ वेळेवर देत असेल, तर त्याला 'अंतर्मुख' म्हणून मोकळे होण्याऐवजी आधी दोघातिघांच्या गटात बोलायला लावता येते.

कायद्याचे थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. दहा बोटांचे डिजिटल ठसे ही वैयक्तिक माहितीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितले आहे आणि गुणांवरून तुकड्या पाडणे शक्यतो टाळायला सांगितले आहे. गुणांवरच्या तुकड्या टाळायच्या आणि स्वभावाच्या अंदाजावर पाडायच्या, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

येत्या प्रवेशाच्या आधी तीन गोष्टी करा. ठशांच्या चाचणीला दिलेले सभागृह परत घ्या. ज्या चाचणीची हस्तपुस्तिका मिळत नाही तिचे पैसे पालकांकडून गोळा करू नका. गेल्या वर्षीच्या अहवालांवरून पाडलेल्या तुकड्या असतील तर त्या मोडा, आणि मुलांच्या फायलींतले ते कागद पालकांना परत द्या किंवा नष्ट करा. एखादी हस्तपुस्तिका हाती आली आणि तिच्यातले तक्ते वाचता येत नसतील, तर जवळच्या महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात घेऊन या. मानके आणि विश्वसनीयतेची पाने तपासायला एक दुपार पुरते, आणि त्याची फी नाही.

आपले,
मराठवाड्यातील महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवणारे काही अध्यापक